जंतू सापडला, प्रश्न सुटला नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात अवघ्या काही दिवसांत 31 काळविटे दगावली. तपासणीत घटसर्प निघाला आणि बेळगावपासून आमच्या हिंडलग्यापर्यंत एकच सूर लागला: साथ आली, जनावरे गेली, त्याला कोण काय करणार?

हा युक्तिवाद मला मान्य नाही. घटसर्प आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही; पावसाळ्याच्या तोंडावर तो गाई-म्हशींना लस टोचून घेतो. हा जंतू धडधाकट जनावराच्या घशातही मुक्काम करून असतो. ताण, दाटी, हवाबदल यांनी अंगातली ताकद खचली, की तो उसळतो. काळवीट तर इतके भित्रे, की पाठलागाच्या किंवा पकडण्याच्या धसक्यानेही मरते. माळरानावर कळप पांगतो, चरण्याची जागा बदलतो. कुंपणात तेच पाणी, तीच गव्हाण, तीच जमीन. मोकळ्या माळावर नर आपल्या हद्दीची खूण म्हणून ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग घालतो आणि बाकीचा कळप पुढे सरकतो. कुंपणात सरकायचे कुठे? जंतू हे कारण खरेच. पण त्याला रान मोकळे कशाने मिळाले, हा प्रश्न उरतोच.

चित्त्याचे उदाहरण बघा. हेलिकोबॅक्टर हा जंतू रानातल्या चित्त्यांच्या जठरातही आढळतो, पण तिथे तो सहसा उपद्रव देत नाही. बंदिवासातल्या चित्त्यांना मात्र जठराच्या तीव्र दाहाने ग्रासले आहे. जंतू तोच, बदलले ते जगणे.

दुसरा दावा असा, की वेळेवर चारा, दाराशी डॉक्टर, शिकाऱ्याची भीती नाही, मग प्राण्याला आणखी काय हवे? पण चारा नुसता पोटात जाऊन भागत नाही. काळवीट सावलीत बसून रवंथ करते, तेव्हा गवताचा चोथा पचवण्याचे काम कोठीपोटातले असंख्य सूक्ष्मजीव करत असतात. पाहुण्यांनी हौसेने टाकलेला पाव किंवा मूठभर मका त्यांचे गणित बिघडवतो; धान्य जास्त झाले तर पोटात आम्ल साचून जनावर आडवे होते. 2016 साली डूक आणि हाऊलर माकडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रानातला चोथ्याचा पाला तुटल्यावर बंदिवासातल्या माकडांच्या आतड्यातले मूळचे सूक्ष्मजीव घटले आणि तिथली वस्ती माणसाच्या आतड्यासारखी होत गेली.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, की ही गोष्ट सर्व प्राण्यांना सरसकट लागू नाही. रानातल्या आणि बंदिवासातल्या प्राण्यांच्या 2017 मधल्या मोठ्या तुलनेत, काळवीट ज्या गाई-बैलांच्या कुळातले, त्या कुळात सूक्ष्मजीवांची विविधता फारशी घटलेली दिसली नाही. म्हणून भुतरामहट्टीचे मृत्यू आतड्यातल्या बिघाडाने झाले, असे मी म्हणत नाही. ‘खायला घातले म्हणजे सांभाळले’ हा समज खोटा, एवढेच म्हणतो.

मग सगळी प्राणिसंग्रहालये बंदच करा, हा दुसऱ्या टोकाचा आग्रहही टिकत नाही. अरबी ओरिक्स रानातून 1972 मध्ये नामशेष झाला. बंदिवासात जपलेल्या कळपामुळेच 1982 मध्ये तो ओमानच्या वाळवंटात परत सोडता आला. कुंपणाला अर्थ असतो, पण तो हेतूने आणि व्यवस्थेने येतो.

ती व्यवस्था कशी असावी? कळप एकाच कुंपणात न कोंडता दोन-तीन जागी विभागावा, म्हणजे एक साथ सगळ्यांना गिळणार नाही. नवे जनावर आधी वेगळे ठेवावे. आसपासच्या गुरांचे लसीकरण चोख व्हावे, कारण रोग कुंपण ओळखत नाही. माळावरचे गवत आणि झुडपांचा पाला हाच मुख्य आहार असावा. रानातले अन्न मिळाले, तर बंदिवासातही आतड्यातले मूळचे बहुतांश सूक्ष्मजीव टिकतात, हे अमेरिकेतल्या रानउंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवले आहे. लेंड्यांची नियमित तपासणी व्हावी, कारण जनावर मान टाकण्याआधी त्याचे पोट बोलते.

आणि हे सारे जनतेसमोर यावे. काय खायला घातले, काय तपासले, किती जनावरे का मेली, याचा हिशेब दरवर्षी मराठी आणि कन्नडमध्ये फाटकावर लावावा. हा हिशेब देण्याची तयारी नसेल, तर त्या कुंपणात नवे काळवीट आणण्याचा अधिकार कोणालाही नाही.