आधी मोजणी, मग मासेमारी

ध्रुवीय समुद्रातल्या मासेमारीवर संशोधन करणे, तिच्यावर मर्यादा घालणे, हे पोट भरलेल्या देशांचे चोचले आहेत. भारताने मिळेल तेवढी मासळी आणावी आणि वैज्ञानिकांची गणिते नंतर बघावीत, असे मत आपल्याकडे शिकलीसवरलेली माणसेही मांडतात. त्यात वर्ध्यासारख्या समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यात हा विषय काढला, की 'आपल्याला काय त्याचे?' हा प्रश्न ठरलेलाच. मला हे मत चुकीचे आणि घातक वाटते. त्यामागचे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा, की समुद्र अथांग आहे, तो माणसाच्या जाळ्याने थोडाच रिकामा होणार? समुद्र अथांग आहे, मासळी मात्र अथांग नाही. दक्षिण ध्रुवीय समुद्रात साउथ जॉर्जिया बेटाभोवती नोटोथेनिया रॉसी नावाचा मासा विपुल होता. 1969-70 च्या हंगामात सोव्हिएत जहाजांनी तो सुमारे 4 लाख टन उपसला. दोन हंगामांत साठा कोसळला. त्या माशाच्या मासेमारीवर 1985 पासून बंदी आहे. थंड पाण्यातला मासा सावकाश वाढतो, उशिरा अंड्यावर येतो. तिथे एकदा झालेली लूट भरून यायला पिढ्या जातात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्रिल हा कोळंबीसारखा, जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचा आणि फार तर दोन ग्रॅम वजनाचा जीव. त्याचे थवे इतके दाट असतात, की एका घनमीटर पाण्यात हजारोंनी सापडतो. 2000 साली चार देशांच्या जहाजांनी ध्वनिलहरी पाण्यात सोडून आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपून अटलांटिकच्या बाजूच्या दक्षिण समुद्रातला साठा मोजला; तो 6 कोटी टनांच्या घरात निघाला. तिथे सध्याची प्रत्यक्ष मर्यादा 6 लाख 20 हजार टनांची, म्हणजे साधारण एक टक्का. मग एवढी ओरड कशासाठी?

ओरड आकड्यासाठी नाही, जागेसाठी आहे. पिल्ले घरट्यात असताना पेंग्विन हजार किलोमीटरवर चारा शोधायला जाऊ शकत नाही. त्याला किनाऱ्याजवळच क्रिल मिळाला पाहिजे. आणि जहाजे नेमकी तिथेच, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या आसपास गर्दी करतात. हा भाग झपाट्याने तापतो आहे, समुद्रावरचा बर्फ घटतो आहे. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात त्या बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेले शेवाळ खरवडून जगतात. एकूण मर्यादा वेगवेगळ्या भागांत वाटून देणारा नियम होता. 2024 मध्ये त्याची मुदत संपली आणि नव्या नियमावर देशांचे एकमत झाले नाही. परिणाम लगेच दिसला. 2025 च्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच सगळी मर्यादा संपली आणि हंगाम आवरता घ्यावा लागला. सरासरीच्या एक टक्क्याने घरट्यातल्या पिल्लाचे पोट भरत नाही. हे दाखवून देणारे संशोधन नसते, तर आपण आकडेवारीवर समाधान मानून बसलो असतो.

तिसरा आक्षेप: वैज्ञानिकांनाच नक्की माहीत नाही, मग निर्बंध कशाच्या जोरावर? विज्ञान चुकते हे खरे आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ कॉड माशाच्या साठ्याचे अंदाज फुगलेले निघाले आणि 1992 मध्ये मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. पण या उदाहरणातून काय सिद्ध होते? अंदाज चुकू शकतो म्हणून हात आखडता ठेवावा, हेच. अज्ञान हा मासेमारीचा परवाना नव्हे. उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ वितळून नवे पाणी मोकळे होऊ लागले, तेव्हा दहा पक्षांनी 2018 मध्ये करार केला: आधी अभ्यास, तोवर व्यापारी मासेमारी नाही. 2021 पासून तो किमान सोळा वर्षांसाठी लागू झाला. साठा संपल्यावर बंदी घालणे जगाला नवे नाही. इथे जाळे पडण्याआधीच थांबण्याचे शहाणपण दाखवले गेले.

चौथा आक्षेप राष्ट्राभिमानाचा आहे. ज्यांनी देवमासे संपवले, तेच आता आपल्याला नियम शिकवतात! संताप रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. नियम उठले तर फायदा कोणाचा? ज्यांच्याकडे तरंगते कारखाने आहेत त्यांचा, म्हणजे नॉर्वे आणि चीनसारख्यांचा. पकडलेला क्रिल गरिबाच्या ताटात जात नाही. तो मत्स्यशेतीतल्या सामन माशाचे खाद्य होतो आणि तेलाच्या कॅप्सूलमध्ये भरला जातो. उशिरा आलेल्या देशाचे रक्षण नियमच करतो. शिवाय हा नियम कोणी आपल्यावर लादलेला नाही. अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनासाठी 1982 मध्ये अमलात आलेल्या कराराच्या आयोगाचा भारत 1986 पासून सदस्य आहे, आणि तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. आपला शब्द तिथे नॉर्वेइतकाच चालतो.

आता 'वर्ध्याला काय?' या प्रश्नाकडे येतो. या वादाचे मूळ तत्त्व वर्ध्यातच मांडले गेले आहे. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चालवणारे जे. सी. कुमारप्पा यांनी 1945 च्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात साठ्याचा आणि प्रवाहाचा भेद सांगितला. कोळसा, तेल हे साठे. वापरले की संपले. जंगलातले लाकूड किंवा नदीचे पाणी टिकाऊ, पण एका अटीवर: माणसाने फक्त वाढ घ्यावी, मुद्दलाला हात लावू नये. क्रिलसाठीचा नियम याच विचारावर उभा आहे. मासेमारी नसती तर जेवढा साठा असता, त्याच्या 75 टक्के तरी समुद्रात राहावा, कारण तिथे देवमासा, सील आणि पेंग्विन यांचाही वाटा आहे.

हे तत्त्व मोजमापाविना पोकळ ठरते, हेही कुमारप्पांना ठाऊक होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी 606 गावांची पाहणी करवून घेतली होती. वाढ किती ते मोजल्याशिवाय मुद्दल कुठे सुरू होते, हे कळणार कसे? म्हणून संशोधन चोचला नाही, तो न्यायाचा पाया आहे.

भारताने हे काम अर्धवट सोडू नये. 1981 च्या डिसेंबरमध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्यातून निघाली. 1995-96 मध्ये 'सागर संपदा' जहाज क्रिलच्या शोधात दक्षिण समुद्रात गेले. आज वास्कोमध्ये राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावाला भारताने 2021 मध्ये सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला. या पाठिंब्याला आता स्वतःच्या मोजणीचे बळ हवे: नियमित सागरी मोहिमा, क्रिलच्या साठ्याच्या आपल्या नोंदी आणि त्यांच्या आधारे क्षेत्रनिहाय मर्यादा परत आणण्याचा आग्रह. दुसऱ्याच्या आकड्यांवर बोलणाऱ्याचे बैठकीत फारसे ऐकले जात नाही.

आणि हाच आग्रह घरी धरला पाहिजे. बोर आणि धाम प्रकल्पांच्या जलाशयांत कटला, रोहू किती सोडला, किती जगला, किती काढला, याची चोख नोंद हवी. पावसाळ्यात अंड्यावर आलेली मादी सोडून द्यावी, जाळ्याची भोके बारीक ठेवू नयेत, हे भोई-ढिवर समाजातल्या जाणत्यांना सांगावे लागत नाही. त्यांच्या या जाणतेपणाला मोजणीची जोड देणे शासनाचे आणि विद्यापीठांचे काम आहे. जो जिल्हा आपल्या तलावाचा हिशेब ठेवेल, त्यालाच दक्षिण समुद्राचा हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार राहील. वर्ध्याने तो अधिकार कमवावा आणि ठणकावून बजावावा.