रुळाखालची मोरी आणि वाळवंटाचं पर्यावरण

सौदी अरेबियाच्या रस्ते आणि रेल्वे खात्यांत पर्यावरणासाठी वेगळा विभाग, कायमची माणसं आणि हक्काचा पैसा हवा, असं म्हटलं की आपल्याकडच्या भल्याभल्या अभियंत्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. आखातात उमेदीची वर्षं काढून आलेले तर ठासून सांगतात की तिथे झाड नाही, नदी नाही, नजर जाईल तिथवर उजाड. मग जपायचं काय? आखणी सरळ करा, भराव टाका, मोकळे व्हा. हा पूर्वपक्ष झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तो अनुभवी माणसं मांडतात आणि त्यावर विसंबून खरोखरचे रस्ते बांधले जातात. पण तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली आहे.

नदी नाही हे खरं. बारमाही नदी त्या देशात एकही नाही, आणि बहुतेक भागात वर्षाचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. पण तो सावकाश, वाटून पडत नाही. वर्षाचा पाऊस कधी एका दुपारीच कोसळतो आणि एरवी कोरडे ठाक असलेले ओढे, ज्यांना तिथे वादी म्हणतात, तासाभरात दुथडी भरतात. 25 नोव्हेंबर 2009 रोजी, ऐन हजच्या सुरुवातीला, जेद्दात चार तासांत साधारण 90 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला होता. 90 मिलिमीटर तर कोकणात जुलैतली नेहमीची गोष्ट. जेद्दात तेवढ्याने शंभराहून अधिक माणसं गेली, कित्येक रस्त्यावर, आपापल्या गाड्यांतून वाहून. ओढ्यांच्या पात्रात वस्त्या उभ्या राहिल्या होत्या, पाण्याच्या वाटा बुजल्या होत्या. पुढे अधिकाऱ्यांवर आणि ठेकेदारांवर खटले चालले. तरी जानेवारी 2011 मध्ये शहर पुन्हा बुडालं. फेब्रुवारी 2017 मध्ये दम्माममध्ये पुराच्या पाण्याने रुळाखालचा भराव वाहून गेला आणि प्रवासी गाडी घसरली; अठरा जण जखमी झाले. जिथे जपण्यासारखं काही नाही असं म्हणतात, तिथल्याच पुराने ही गाडी पाडली.

कोरड्या ओढ्यालाही वाट सोडावी लागते, हे ज्ञान ज्यांना नवं वाटतं त्यांनी हिजाझ रेल्वेकडे पाहावं. दमास्कसहून निघालेली ही तुर्की अमदानीतली लाइन 1908 मध्ये मदिनेला पोहोचली. तेराशे किलोमीटरची वाट, बहुतेक निर्जल, तरी तिच्यावर जागोजागी दगडी कमानींचे पूल आणि मोऱ्या आहेत. सौदी हद्दीतले रूळ केव्हाच गेले, भराव वाऱ्याने झिजले, पण कितीतरी कमानी कोरड्या पात्रांवर अजून उभ्या आहेत. वर्षातून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी घडवलेला दगड टाकायचा, हा निर्णय त्या काळच्या अभियंत्यांनी पैशाची आणि पाण्याची टंचाई असताना घेतला. आज पैसा आणि उपग्रहाची चित्रं दोन्ही हाताशी असताना मोरीचं माप कमी धरणं हा अज्ञानाचा भाग उरत नाही.

पाण्याइतकीच मोठी गोष्ट वाळूची. रुळाखाली खडी का असते? टोकदार दगडांमध्ये पोकळ्या असतात. चाक गेलं की थर किंचित दबतो आणि पुन्हा सावरतो. वाऱ्याबरोबर आलेली वाळू या पोकळ्यांत भरत गेली की थर आवळून कडक होतो. मग चाकाचा प्रत्येक दणका थेट स्लीपरला आणि रुळाला बसतो, चाकं आणि रूळ घासून झिजतात, गाडी रूळ बदलते त्या सांध्यात कण अडकले की तिथलं सरकतं पातं पूर्ण मिटत नाही. मक्का-जेद्दा-मदिना ही 450 किलोमीटरची हरमैन रेल्वे ताशी 300 किलोमीटर वेगाची. सप्टेंबर 2018 मध्ये तिचं उद्घाटन झालं. त्याआधी वाळू अडवायची कोणी आणि तो खर्च उचलायचा कोणी, यावरून झालेला वाद स्पेनच्या आणि जगाच्या वृत्तपत्रांत गाजला. अब्जावधींचं कंत्राट, आणि वाद वाळूच्या कणावर. कंत्राट लिहिताना वाळूचा विचार तळटीपेसारखा केला की असंच होणार.

इथे मला माझं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. वाळवंटाचा बराचसा पृष्ठभाग मोकळी वाळू नसतोच. वाऱ्याने बारीक कण उडवून नेल्यावर खडे मागे राहतात, एकमेकांना लागून बसतात आणि खालची माती झाकून धरतात. हे कवच बनायला शतकं लागतात. बांधकामाच्या डंपरनी ते एका हंगामात फुटतं. हव्या त्या दिशेने ट्रक नेले, भरावासाठी दिसेल तिथे माती उकरली, की खालची मोकळी माती उघडी पडते आणि पुढची कित्येक वर्षं ती वाऱ्याबरोबर त्याच रस्त्यावर आणि रुळावर येत राहते. म्हणजे ट्रकांच्या वाटा आखून देणं, माती उकरण्याच्या जागा ठरवून देणं हे एरवी ‘पर्यावरणाचं लचांड’ म्हणून हिणवलं जाणारं काम म्हणजे उद्याच्या देखभालीची बचत आहे. वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर कोणत्या दिशेने सरकतात, खोल खोदाईत वाळू कशी साचते आणि कमी उंचीच्या, सौम्य उताराच्या भरावावरून ती कशी पलीकडे निघून जाते, हे आखणीच्या टेबलावर सांगणारा माणूस हवा. रूळ टाकून झाल्यावर त्याला बोलावून उपयोग नाही. तेव्हा हातात फक्त फावडं उरतं.

उंटांचंही तसंच. कुंपणाने चराईच्या वाटा तोडल्या की जनावर कुठूनतरी वाट काढतंच. उंटाचे पाय लांब, धड उंचावर. गाडीची धडक पायांना बसते आणि ते अवजड धड काचेवर, टपावर येऊन आदळतं. रात्रीच्या महामार्गावर याहून भयंकर अपघात थोडेच असतील. रस्त्याखालून उंटांना जाता येईल अशा वाटा हव्यात, आणि त्या गुराख्याला विचारून ठरायला हव्यात.

दुसरा आक्षेप असा की पर्यावरण पाहायला सरकारची वेगळी यंत्रणा आहे. वाहतूक खात्याने रस्ते बांधावेत. यंत्रणा आहे खरी. वनस्पती, वन्यजीव, कचरा, नियमपालन यांसाठी 2019 मध्ये राष्ट्रीय केंद्रं उभी राहिली, 2020 मध्ये नवा पर्यावरण कायदा आला. पण ती यंत्रणा परवाना देते, तपासणी करते. मोरीचं माप ती काढत नाही. परवाना एकदाच मिळतो. वाळू रोज येते.

तिसरा आक्षेप मैत्रीच्या वेषात येतो, म्हणून जास्त घातक: पर्यावरणासाठी रस्त्याकडेला झाडं लावा, झालं. 2021 मध्ये सौदी सरकारने दहा अब्ज झाडांचा संकल्प जाहीर केला. संकल्पाला माझा विरोध नाही. आकड्याच्या घाईला आहे. झटपट हिरवं दिसावं म्हणून आखातभर रस्त्यांकडेला कोनोकार्पस लावला गेला, ज्याच्या मुळांनी पुढे पाण्याच्या नळांचं वाटोळं केलं. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याला चांगली ठाऊक असलेली वेडी बाभूळ सौदीच्या नैर्ऋत्य भागात देशी झाडांना हुसकावून पसरली आहे. आणि हिरवेपणाची किंमत त्या देशाने एकदा चुकवलेली आहे. जमिनीखालचं हजारो वर्षांचं पाणी उपसून तिथे एवढा गहू पिकवला गेला की तो निर्यात होऊ लागला. 2008 मध्ये सरकारने तो टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं आणि 2016 पर्यंत सरकारी खरेदी संपली. उलट अल-अहसाच्या मरूद्यानावर चाल करून येणाऱ्या वाळूला 1962 पासून अथल या काटक स्थानिक झाडाच्या पट्ट्यांनी थोपवलं. अरबस्तानात घाफ म्हणतात ती आपली शमीच. तिची मुळं खोलवर पाणी शोधतात. कुठलं झाड, कुठे, कोणत्या पाण्यावर आणि वाऱ्याच्या कोणत्या अंगाला, हे ठरवणं खात्याचं काम आहे. रोपांची संख्या मोजून बिल काढणं म्हणजे ते काम झालं असं नव्हे.

विरोधकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. पर्यावरण विभाग पुष्कळदा जाडजूड अहवाल छापतात आणि ते कोणी वाचत नाही. म्हणूनच त्या विभागाला आखणी बदलायला लावण्याचा अधिकार आणि गाडी सुरू झाल्यानंतरही चालू राहणारा पैसा हवा. ‘श्रीमंत राजवटीला जमेल, आपल्याला नाही’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीने कोकण रेल्वेच्या गाडीतली पन्नासच्या आसपास माणसं घेतली. त्यानंतर दरडींना जाळ्या लागल्या, उतार कापले गेले, पावसाळ्यात गस्त वाढली. पावसाळी वेळापत्रकात गाड्या आजही मुद्दाम हळू धावतात. डोंगर आणि पाऊस काय करतात हे पाहून गाडीचा वेग ठरवणं, याहून नेमकं पर्यावरण व्यवस्थापन मला माहीत नाही, आणि ते श्रीमंतीवर अडलं नव्हतं.

जेद्दा आणि रियाध यांना थेट जोडणाऱ्या रेल्वेची चर्चा तिथे बरीच वर्षं चालू आहे. ती लाल समुद्राच्या काठावरून निघेल, हिजाझचे डोंगर चढेल, लाव्ह्याची पठारं आणि वाळूचे पट्टे ओलांडेल. म्हणजे पाणी, दगड आणि वारा तिन्हींशी तिची गाठ आहे. तिची निविदा निघण्याआधी प्रत्येक वादीचं पात्र जागेवर जाऊन मोजलं जावं, वाळू काढण्याचा खर्च कंत्राटात पहिल्या दिवसापासून स्पष्ट लिहिला जावा आणि आखणीच्या अंतिम नकाशावर पर्यावरण विभागाच्या प्रमुखाची सही मुख्य अभियंत्याच्या सहीशेजारी असावी. ती सही नसेल तर काम सुरू होऊ नये.