काकोलूकीय : पुस्तकातले आणि बागेतले

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी आम्ही पुण्यातल्या एका सार्वजनिक बागेत पक्षी पाहावयास गेलो होतो. आम्ही म्हणजे मराठी शिकविणारे तिघे सहकारी. पक्षिनिरीक्षणात तिघेही कच्चे. बागेचे नाव येथे मुद्दामच देत नाही. कारण पुढे येईल. स्वर्गीय नर्तक दिसला तर भाग्य, धोबी तर दिसेलच, एवढीच अपेक्षा होती. साडेसातच्या सुमारास एका जुन्या वडावर कावळ्यांनी असा गिल्ला केला की आमचे पाय आपोआप तिकडे वळले. पंधरावीस कावळे एकाच फांदीवर आळीपाळीने झेपावत होते. साप असावा, असे प्रथम वाटले. दुर्बीण लावली तेव्हा पारंब्यांच्या आड, खोडाला चिकटलेला, बदामाच्या आकाराचा एक पांढरा चेहरा दिसला. ते गव्हाणी घुबड होते. पिंगळा शहरातल्या जुन्या झाडांवर भेटतो. पण दिवसा वळचणीत नाहीतर पडक्या वास्तूत दडून राहणारे हे घुबड भर सकाळी फांदीवर दिसेल, असे आम्हांला स्वप्नातही वाटले नव्हते.

आमच्यातील एकाच्या तोंडून उमटलेला पहिला शब्द होता, ‘काकोलूकीय!’

पंचतंत्राचे हे तिसरे तंत्र आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. वडावर राहणारा काकराज मेघवर्ण, रात्री येऊन त्याच्या प्रजेचा संहार करणारा उलूकराज अरिमर्दन, आणि वैऱ्याच्या गोटात शिरून त्याचा नाश घडविणारा स्थिरजीवी. आम्ही फळ्यावर ‘रूपक’ असे लिहितो, संधी-विग्रहाची चर्चा करतो आणि पुढे जातो. महाभारताच्या सौप्तिकपर्वातही तेच. वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा झोपलेल्या कावळ्यांवर घुबडाने घातलेली झडप पाहतो आणि त्याला पांडवांच्या शिबिरावरील हल्ल्याची कल्पना सुचते. येथे आम्ही ‘प्रतीक’ असे लिहितो. या दोन्ही स्थळांमागे कोणीतरी वड, कावळे आणि घुबड प्रत्यक्ष पाहिलेले असणार, हा विचार त्या सकाळपर्यंत आमच्या मनाला शिवला नव्हता. रात्री घुबड बलवान, दिवसा कावळे. म्हणूनच दिवसा सापडलेल्या घुबडाला कावळे एकत्र येऊन हुसकावतात. ज्याला आम्ही कविकल्पना समजत होतो, ते मुळात निरीक्षण होते.

अर्थात ते निरीक्षण संपूर्ण नव्हते. दिवसा घुबडांना दिसत नाही, या गृहीतावरच स्थिरजीवीचा डाव आणि गुहेला लावलेली आग उभी आहे. प्रत्यक्षात घुबड दिवसा आंधळे नसते. आमच्या घुबडाने काळेभोर डोळे उघडून आम्हां तिघांना एकेक करून न्याहाळले, तेव्हा त्या गृहीताचा निकाल तेथेच लागला. शिवाय याचे खरे सामर्थ्य कानांत आहे. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका पातळीवर नसतात. आवाज नेमका कोठून आला, हे त्यामुळे त्याला कळते. केवळ आवाजाच्या आधारे ते संपूर्ण अंधारात उंदीर पकडू शकते, हे रॉजर पेन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. असे सामर्थ्य आमच्या कोणत्याही रूपकात आलेले नाही.

आमच्या भाषेत या पक्ष्याच्या वाट्याला अपशकुन आणि शिवी, एवढेच उरले. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला ‘काय घुबडासारखा बसलास’ असे आम्हीही म्हटले आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. शब्दांनी कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते. ट्रॅफिक या संस्थेच्या २०१० सालच्या अहवालानुसार भारतात नोंदल्या गेलेल्या तीस जातींच्या घुबडांपैकी पंधरा जाती चोरट्या बाजारात आढळल्या. जादूटोणा आणि तथाकथित बळी ही त्यामागची मोठी कारणे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. परंतु ही मागणी कायद्याहून जुन्या शब्दांवर पोसलेली आहे. आम्ही परत निघालो तेव्हा बागेतल्या वयस्क माळीबुवांनी हात जोडून म्हटले, “सर, कुठं बोलू नका. दिवाळीच्या टायमाला लोक हुडकत येतात.” बागेचे नाव न देण्याचे कारण हेच.

साहित्याला प्राणिशास्त्राची कसोटी लावू नये, असा आक्षेप येईल. तो आम्हांला मान्य आहे. अरिमर्दनाला आंधळा ठरविण्याचा कथाकाराचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, प्रतीक शिकविण्यापूर्वी ती वस्तू विद्यार्थ्याने एकदा तरी पाहिलेली असावी, आणि शिकविणाऱ्याने तर असावीच. मराठीला मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ लाभला आहे. तो ग्रंथालयाच्या कपाटातून वर्गात आणावयास काय हरकत आहे? ज्याने घुबड पाहिले आहे, तो सौप्तिकपर्व अधिक चांगले वाचील; आणि घुबड हा शब्द शिवी म्हणून उच्चारताना क्षणभर तरी अडखळेल.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. वडावर कावळे होते, घुबड नव्हते. माळीबुवांना विचारले, तर ते नुसते हसले. आम्हीही अधिक विचारले नाही.