कोन फिल्टर आणि कात्रजचा घाट

आमच्या मेकॅनिकलच्या पोरांना (आणि मोजक्या पोरींना) एक रोग असतो. आयसी इंजिन्सचा पहिला युनिट शिकवून झाला की सुट्टीत घरी जायचं, गाडीचं बॉनेट उघडायचं आणि "हिचं काहीतरी करायला पाहिजे" असं म्हणायचं. मलाही तो झाला. खर्च आला ३,८०० रुपये, शिवाय पप्पांशी चार महिने खोटं बोलावं लागलं. सध्या हॉस्टेलमध्ये निदान चार जण "एअर इन्टेक कुठला घेऊ?" असं विचारत फिरतायत. त्यांच्यासाठी हा लेख.

आमची गाडी म्हणजे २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट. मे महिन्यात पप्पा बाहेरगावी गेले असताना मी तिचा एअर फिल्टरचा काळा डबा नळीसकट काढला आणि तिथे लाल रंगाचा उघडा कोन फिल्टर बसवला. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, दहा बीएचपी वाढणार, लिहून देतो." लिहून मात्र दिलं नाही. गाडी सुरू केली आणि काय आवाज! ॲक्सिलरेटर दाबला की अशी हुंकारायची की मला वाटलं, दहा कसले, वीस वाढले.

पप्पांनी आवाजाबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं, सायलेन्सर जुना झालाय. काळा डबा माझ्या पलंगाखाली.

गणपतीत ते मला न्यायला पुण्याला आले. कात्रजच्या जुन्या घाटात एसटीच्या मागे अडकलो, एसी चालू, दुसरा गिअर. एसटीने जागा दिली, पप्पांनी पाय दाबला. आवाज भरपूर आला, पण गाडी काही उचलेना. पप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दमली गं आता ही. तुझी पुढच्या वर्षीची फी भरायची आहेच, काढून टाकू या." मी खिडकीबाहेर बघत बसले. सातारा येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

घरी गेल्यावर मी ते केलं, जे खरं तर फिल्टर घेण्याआधी करायचं. मित्राकडून आणलेला ओबीडीचा डोंगल लावला आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर बघत बसले. पोवई नाक्याच्या गर्दीत ते ६० अंशांवर पोहोचलं. दुसऱ्या दिवशी जुना डबा लावून त्याच वेळी, त्याच रस्त्याने गेले. ४० च्या आसपास.

आता पीव्ही इज इक्वल टू एनआरटी आपण अकरावीपासून घोकतोय. दाब तोच असेल तर घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. ३१३ भागिले ३३३ म्हणजे ०.९४. पूर्ण थ्रॉटलला इंजिनला जवळजवळ ६ टक्के हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे पेट्रोल कमी, ताकद कमी. ८५ च्या आसपास बीएचपीच्या गाडीत हे ५ बीएचपी झाले. दहा मिळवायला गेले आणि पाच घालवून बसले! त्यात गरम हवेने नॉकिंगची भीती वाढते, म्हणून ईसीयू स्पार्क मागे घेतो, ते वेगळंच.

म्हणजे ज्या डब्याला मी "कंपनीचं फालतू प्लास्टिक" म्हणत होते, तोच खरा कोल्ड एअर इन्टेक होता. बहुतेक गाड्यांत त्याची नळी पुढे जाळीजवळ किंवा हेडलाइटच्या मागून बाहेरची हवा घेते. उघडा कोन मात्र रेडिएटर आणि इंजिनच्या मधोमध बसून तापलेली हवा पितो. त्या डब्याच्या पोटात आवाज गिळायची सोयही असते, हेल्महोल्ट्झ रेझोनेटर, जो आपण व्हायव्हापुरता पाठ करतो. तो काढला की इंजिनचा श्वास ऐकू येतो. पैसे त्या आवाजाचे पडतात.

आमच्या बॅचमधला एक जण यावर भांडतो की हायवेवर वारा लागतो, तापमान उतरतं. उतरतं, मीही पाहिलं. पण तेव्हा फायदा किती, हा प्रश्न राहतोच. १,१९७ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त साडेतीन हजार लिटर हवा ओढतं, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या साडेतीन टाक्या. स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा जाणवला तर तिथे, त्या टोकाला. रोजच्या चालवण्यात पेट्रोल गाडीचा थ्रॉटल अर्धासुद्धा उघडा नसतो आणि हवा अडते ती त्याच्यापाशी. मेसचं दार मोठं केलं म्हणून पोळ्या लवकर मिळत नाहीत, काउंटरवर वाढणारे मामा एकच असतात!

मायलेजचंही तेच. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. पिकअप कमी झाला, पण मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तुंबलेल्या फिल्टरने जे घटत नाही ते भारी फिल्टरने वाढेल कसं?

दुसरा प्रकार लांब नळीचा. फिल्टर पार खाली बंपरमागे, तिथे हवा खरंच गार मिळते. पण जुलैत पाणी साठलेल्या सबवेतून जाताना तोच फिल्टर पाण्यात बुडतो. पाणी दाबलं जात नाही, दबतो तो कनेक्टिंग रॉड. आपल्याकडच्या पावसात मी तरी हे कुणाला सुचवणार नाही.

राहिला जुन्याच डब्यात बसणारा धुता येणारा कापडी फिल्टर. तिघांत हा बरा, निदान हवा गार घेतो. पण धुऊन तेल लावताना हात सैल सुटला तर एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर तेल बसतं, आणि जाळी मोकळी तर बारीक धूळही आत. कॉलेजच्या मागच्या कच्च्या रस्त्याने रोज येणाऱ्याने एवढा विचार करावा. टर्बो आणि ईसीयू ट्यून केलेल्या गाड्यांचं गणित निराळं, पण इथे कितीजणांकडे त्या आहेत? आवाजच हवा असेल तर खुशाल घ्या, मलाही आवडला होता. फक्त त्याला पॉवर म्हणू नका. आणि काहीही घ्यायच्या आधी मित्राचा डोंगल मागून घरच्या गाडीचं तापमान बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी मी डब्यात काही शे रुपयांचा नवीन कागदी फिल्टर घातला आणि विसर्जनानंतर पप्पांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. परत येताना स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. टोल गेल्यावर त्यांनी ओव्हरटेक करून बघितलं, एकदा, मग परत एकदा. "बरी आहे की गं," म्हणाले. गाडी विकायचा विषय तूर्त निघालेला नाही.

कोन फिल्टर फॉर्म्युला टीमला देऊन टाकलाय. त्यांच्या गाडीला बॉनेटच नाही, त्यामुळे हवा गार मिळते. तिथे नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिलिमीटरच्या रेस्ट्रिक्टरमधूनच न्यावी लागते, म्हणजे फिल्टर कुठलाही लावा, काउंटरवर मामा एकच.