मित्राची गाडी, विमा कुणाचा?

परवा मित्राची गाडी घेऊन महाबळेश्वरला जाऊन आलो. "फुल इन्शुरन्स आहे रे, बिनधास्त जा!" इति मित्र. परतल्यावर पॉलिसी वाचली (हो, मी शनिवारी असले उद्योग करतो). लायसन्स असलं की विमा गाडीबरोबर येतो, हे खरं. मी कुणाला धडकलो असतो तर त्याला भरपाई मिळाली असती. पण १५ लाखांचं अपघात कवच फक्त मालक-चालकाचं! उसनी मोटरसायकल बैलगाडीला धडकून चालक गेला, त्या प्रकरणात २००९ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, की उसनी घेणारा मालकाच्याच जागी येतो. तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या घरच्यांना भरपाई नाकारली गेली.

आणि नुसता बंपर घासला तरी क्लेम केला की मित्राचा नो क्लेम बोनस गेला. तो खर्च आपणच द्यावा, टाकी फुल करून सुटका नाही. सोमवारी मी स्वतःची अपघात पॉलिसी काढतोय.