आधी खेळ सुधारा, मग दुकान मांडा!

'एनबीए टू-के' हा गेम १९९९ पासून चालू आहे. दरवर्षी नवा निघतो, पण आम्हा बोईसरच्या होस्टेलवाल्यांच्या तीन मागण्या आहेत तिथेच!

एक, सर्व्हर जवळचा द्या. शॉटचं बटण अचूक क्षणी सोडावं लागतं. सर्व्हर लांब असला की टायमिंग चुकतंच.

दोन, 'व्हीसी' खेळूनही मिळतात, पण विकत घेणारा एका दिवसात तगडा होतो. मग स्किल कशाला हवं? ऑनलाइन मॅचमध्ये तरी सगळ्यांना समान ताकद द्या.

तीन, 'टू-के २३'चे सर्व्हर ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाले. महिनोन्‌महिने घडवलेला खेळाडू निदान ऑफलाइन तरी राहू द्या. पॉकेटमनीतून घेतलेली वस्तू आपली असावी, भाड्याची नव्हे!