सीताबर्डीच्या पाषाणाची तारीख

सीताबर्डीचे नाव निघाले, की १८१७ सालच्या नोव्हेंबरात, २६ व २७ या तारखांना, आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची जी लढाई या जोडटेकड्यांवर जुंपली तिचे स्मरण नागपूरकरांस सहजच होते. परंतु लाव्हा थिजून बनलेल्या ज्या काळ्या पाषाणावर हे रक्त सांडले, त्या पाषाणाची तारीख कोणती, हे विचारण्याची जिज्ञासा आपल्या नागरी जीवनात अद्याप रुजलेली नाही.

वास्तविक ती जिज्ञासा या शहरास नवीन नाही. धर्मप्रसारार्थ नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी या परिसराच्या भूरचनेचा तपशीलवार वृत्तान्त १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केला. लाव्हाच्या दोन थरांच्या दरम्यान गोड्या पाण्यातील गाळ आणि त्यात गोगलगायींचे शंख सापडतात, म्हणजेच एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत येथे तळी साचून जीवसृष्टी नांदण्याइतका अवकाश गेला होता, असा निष्कर्ष अशा दाखल्यांवरून निघतो. मात्र थरांवरून क्रम कळतो. वर्षांचा हिशेब कळत नाही.

तो हिशेब किरणोत्सर्गी मूलद्रव्ये देतात. पोटॅशियमच्या एका प्रकाराचे सुमारे १२५ कोटी वर्षांत निम्मे क्षरण होते व त्याच्या एका अंशाचा आर्गॉन वायू बनून खडकात साठतो. परंतु पाण्याने कुजलेल्या खडकातून हा वायू निसटत असल्यामुळे जुन्या मोजणीत दख्खनच्या लाव्हाची वये परस्परांशी जुळत नसत. पुढे आर्गॉनच्या सूक्ष्मतर पद्धतीने, तसेच थरांमधील ज्वालामुखीय राखेतल्या झिर्कॉन स्फटिकांवरून, हे उद्रेक मुख्यत्वे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, दहा लाख वर्षांच्या आत, आटोपले असे निश्चित झाले. तरीही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांपैकी एकाने लाव्हा चार आवेगांत आल्याचे मांडले, तर दुसऱ्याने त्याचा बहुतांश मेक्सिकोतील अशनिपातानंतरचा ठरविला. हा वाद केवळ तज्ज्ञांचा कीस नव्हे. डायनोसॉरांच्या विनाशाचा दोष या लाव्हाच्या माथी मारावा की त्या अशनीच्या, याचा निवाडा त्यावर अवलंबून आहे. शिवाय भारताचे भूपट्ट हिंदी महासागरातील रीयुनियनच्या तप्तस्थलावरून केव्हा सरकले, हेही याच तारखांवरून उमगते.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या दोन्ही अभ्यासांचे नमुने पश्चिम घाटातले होते. नागपूर मात्र लाव्हाच्या मुलुखाच्या पूर्व सरहद्दीवर वसलेले असून येथून पूर्वेस जुने पट्टिताश्म उघडे पडतात. सह्याद्रीत ओतलेला लाव्हा आणि हा लाव्हा समकालीन होते काय, याचे उत्तर येथल्या दगडानेच दिले पाहिजे. अशा स्थितीत इमारतींचे, रस्त्यांचे व मेट्रोच्या खांबांचे पाये खणताना जो खडक काही दिवस उघडा पडतो आणि मग सिमेंटखाली कायमचा गडप होतो, त्याची नोंद न ठेवणे म्हणजे दप्तर न वाचताच जाळण्यासारखे आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय याच शहरात आहे. महानगरपालिकेने खोदकामाच्या परवान्यातच ही अट घालावी, की निघालेल्या खडकाचा नमुना स्थळ व खोलीच्या नोंदीसह या कार्यालयाकडे जमा व्हावा. लढाईची तारीख जपणाऱ्या शहराने पाषाणाची तारीख जपण्याचीही जबाबदारी आता स्वीकारली पाहिजे.